नवरात्रात जमतं, मग रोज का नाही?

दरवर्षी नवरात्रात आणि कोजागरीच्या आधी आपल्या औशातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. बाया, लेकरं, म्हातारी माणसं रात्रीसुद्धा रस्त्याच्या कडेनं चालत असतात. आपण चहा, फराळ, पाणी घेऊन उभे राहतो. गाडीवालाही आपोआप वेग कमी करतो. कारण काय, तर माणूस आईच्या दर्शनाला निघालंय.

कोजागरी उलटली की त्याच रस्त्यावर चालणारं माणूस आपल्याला मधे मधे येणारं वाटायला लागतं!

माझी आई 76 वर्षांची आहे. लातूर इथून वीसेक किलोमीटर, तिथं तिची धाकटी बहीण राहते. पूर्वी महिन्यातून एकदा तरी जायची. गेल्या वर्षी स्टँडकडे जाताना एक मोटारसायकल घासून गेली. आई पडली, मनगट मोडलं. पोरगं ओळखीतलंच निघालं, पाया पडून गेलं. हात बरा झाला, पण आई काही पुन्हा एकटी निघाली नाही. आता बहिणी फोनवरच बोलतात.

गंमत बघा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी पास फुकट आहे. चांगलंच केलंय. पण ही सवलत बसच्या दारात सुरू होते. घरापासून त्या दारापर्यंत कसं यायचं, हे कोणी बघायचं?

हा एकट्या माझ्या आईचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे पाचातला जवळजवळ एक. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालायला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे आपण काही उपकार मागत नाही.

कुणी म्हणेल, "एवढ्याशा गावाला फुटपाथ कशाला? हातगाडीवाल्यांच्या पोटाचं काय?" हातगाडीवाल्याला हुसकावा असं मी म्हणतच नाही. त्याला जागा आखून द्या. त्याचं गिऱ्हाईकही पायीच येतं. खरी अडचण आपल्या उभ्या गाड्यांची आहे. मीही दुकानासमोर मोटारसायकल आडवी लावून "दोनच मिनिटं" म्हणणाऱ्यांतलाच. आईचा हात मोडल्यावर डोळे उघडले.

म्हणून तीन गोष्टी मागू या.

एक, शाळा आणि स्टँडजवळ झेब्रा पट्टे, त्याच्या आधी गतिरोधक आणि रात्री उजेड. चौपदरी रस्ता असेल तिथं मधे थांबायला सुरक्षित जागा.

दोन, मुख्य रस्त्याला सलग फुटपाथ. देशाच्या रस्ते मानकांत किमान 1.8 मीटर, म्हणजे साधारण सहा फूट मोकळी जागा सांगितली आहे.

तीन, लातूरची कॉलेजं आणि शिकवण्या सुटण्याच्या वेळेला धरून परतीच्या गाड्या, आणि खेड्यातून सायकलवर येणाऱ्या पोरांसाठी स्टँडवर सायकली लावायला जागा.

यातलं काहीच उड्डाणपुलाएवढं महाग नाही. तुमच्या गल्लीतली धोक्याची जागा मला कळवा. सगळ्यांची यादी करून सह्यांचं निवेदन नगरपालिका, एसटी आगार आणि महामार्गवाल्यांना देऊ. कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. यायचं मात्र पायी.

देवीला निघालेल्या माणसासाठी आपली गाडी हळू होते. शाळेला निघालेल्या लेकरासाठी आणि बहिणीला भेटायला निघालेल्या म्हातारीसाठीही ती हळू व्हायला पाहिजे, एवढंच मागणं आहे.