४६ दिवसांचं झोंबीपुराण

जवळपास तीन वर्षं वाट पाहायला लावलेला एखादा गेम बाजारात किती दिवस टिकावा? 'द डे बिफोर' या झोंबी गेमचा हिशेब अगदी सरळ आहे. ७ डिसेंबर २०२३ ला तो कॉम्प्युटरसाठी स्टीमवर आला. चौथ्या दिवशी, ११ डिसेंबरला, तो बनवणाऱ्या स्टुडिओने शटर ओढलं. २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हर बंद झाले. एकूण ४६ दिवस. आपल्याकडे एखाद्या पेपरचं रीचेकिंगसुद्धा यापेक्षा जास्त दिवस चालतं!

गेमिंगवाल्या ग्रुप्सवर तेव्हा मीम्सचा पूर आला आणि विषय संपला. पण तो एवढ्यावर संपवायला नको. कारण यात झोंबी फक्त स्क्रीनवर होते. खरी गोष्ट आहे ती हाइप, फुकटात राबणारी तरुण मुलं आणि 'विकत घेतलं' या शब्दाचा बदललेला अर्थ यांची. आणि या तिन्हींचा संबंध आपल्याशी, म्हणजे कॉलेजात शिकणाऱ्या, पॉकेटमनी साठवून गेम घेणाऱ्या आणि इंटर्नशिप शोधणाऱ्या सगळ्यांशी आहे.

दाखवलं काय, निघालं काय

जानेवारी २०२१ मध्ये पहिला ट्रेलर आला. महासाथीनंतरची ओसाड अमेरिका, रिकामी दुकानं, चिखलातून जाणारी गाडी, अंधारातून अंगावर येणारे झोंबी आणि या सगळ्यात एकमेकांना भेटणारे, लुटणारे, मदत करणारे खरे खेळाडू. हजारो लोक एकाच जगात जगतील असा 'एमएमओ', असं त्याचं वर्णन होतं. तेव्हा आपण सगळेच लॉकडाऊनमधून बाहेर पडत होतो. ओसाड शहर म्हणजे काय हे कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. ट्रेलर तुफान चालला आणि हा गेम काही काळ स्टीमवर सर्वाधिक लोकांच्या विशलिस्टमध्ये होता.

बनवणारी कंपनी फॅन्टॅस्टिक. एदुआर्द आणि आयसेन गोतोवत्सेव या दोन भावांनी सुरू केलेली. मुळं रशियातल्या याकूत्स्क शहरात, मुख्यालय सिंगापूरला. 'द वाइल्ड एट' आणि 'प्रॉपनाइट' असे छोटे गेम त्यांच्या नावावर होते. प्रकाशक होती मायटोना.

मग तारखा सरकायला लागल्या. आधी जून २०२२. मग अनरिअल इंजिन ५ वर जायचंय म्हणून मार्च २०२३. मग नावाच्या ट्रेडमार्कवरून वाद झाला, स्टीमवरचं पान गायब झालं आणि नवी तारीख आली नोव्हेंबर २०२३. शेवटी ७ डिसेंबर. मधल्या काळात १० मिनिटांचा एक व्हिडिओ आला, पण ट्रेलरमधला थरार त्यात नाही अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

गेम 'अर्ली ॲक्सेस'मध्ये आला. म्हणजे अर्धवट अवस्थेत, 'खेळत रहा, आम्ही सुधारत राहू' या बोलीवर. किंमत जवळपास ४० डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण ३,३०० रुपये. पहिल्या दिवशी स्टीमवर एका वेळी सुमारे ३८ हजार लोक आत होते. आत गेल्यावर कळलं की विशाल सामायिक जग वगैरे काही नाही. शहरात जा, सामान गोळा कर, जिवंत परत ये, अशा छोट्या फेऱ्यांचा हा 'एक्स्ट्रॅक्शन शूटर' होता. सर्व्हर अडकत होते, रस्ते रिकामे होते आणि झोंबी शोधावे लागत होते. झोंबी गेममध्ये झोंबी शोधावे लागणं म्हणजे मिसळीत मटकी शोधण्यासारखंच! आयजीएनने त्याला १० पैकी १ गुण दिला.

चार दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की गेम आर्थिकदृष्ट्या फसला, पुढे जायला पैसे नाहीत. सोबत हेही सांगितलं की आम्ही प्री-ऑर्डर किंवा क्राउडफंडिंगमधून लोकांकडून पैसे घेतलेच नव्हते. यूट्यूबवरचे जुने ट्रेलर मात्र काढून टाकले गेले. पुढे कंपनीने आपल्या अपयशाचं खापर बदनामी करणाऱ्या ब्लॉगर्सवर फोडलं.

झोंबीच का?

एवढी मोठी हवा झोंबी गेमचीच का होते? यामागे साधं गणित आहे. झोंबी हा बनवायला तुलनेने सोपा शत्रू आहे. त्याला डावपेच लागत नाहीत, संवाद लागत नाहीत. तो दिसेल त्याच्या मागे लागतो, बस्स. खरा थरार येतो तो भूक, तहान, संपत आलेल्या गोळ्या आणि समोरचा माणूस आपल्याला मारेल की मदत करेल या प्रश्नातून.

२०१२ मध्ये डीन हॉल यांनी 'आर्मा २' या युद्धाच्या गेमवर 'डेझी' नावाचा मॉड बनवला. तिथे मेलात तर सगळं गेलं, पुन्हा शून्यापासून. लोक अक्षरशः वेडे झाले. डिसेंबर २०१३ मध्ये 'डेझी' स्वतंत्र गेम म्हणून अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि महिन्याभरात १० लाख प्रती खपल्या. म्हणजे अर्धवट गेमसुद्धा लोक विकत घेतात हे इंडस्ट्रीला कळलं. 'डेझी'ची पूर्ण आवृत्ती यायला मात्र डिसेंबर २०१८ उजाडला.

हा सिनेमा आधीही लागला होता

'डेझी'ची क्रेझ बघून २०१२ मध्येच 'द वॉर झी' नावाचा गेम आला. स्टीमवरच्या पानावर लिहिलेल्या काही गोष्टी गेममध्ये नव्हत्याच. ओरड झाल्यावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि रिफंड देऊ केला. पुढे तो नाव बदलून परत आला.

आता तारखा बघा. एक डिसेंबर २०१२, दुसरा डिसेंबर २०२३. मध्ये ११ वर्षं. प्रकार तोच, दुकानही तेच. म्हणून 'एका कंपनीने घोळ घातला' एवढंच म्हणून चालणार नाही. या दुकानाची रचनाच अशी आहे की वचनाला वस्तूपेक्षा आधी भाव मिळतो.

विशलिस्टचंच घ्या. ती करायला पैसे लागत नाहीत. ट्रेलर आवडला, बटण दाबलं, झालं. पण या फुकटच्या क्लिकांची बेरीज होते, यादीत गेम वर जातो, वर दिसतो म्हणून आणखी लोक क्लिक करतात. बातम्या येतात, 'सर्वाधिक प्रतीक्षेत असलेला गेम'. या साखळीत कुठेही कुणी गेम खेळलेला नसतो! लाखोंची उत्सुकता खरी असते, पण ती मोजते फक्त ट्रेलरची ताकद. इन्फ्लुएन्सर्सनाही दोन्हीकडून मजा. आधी 'हा गेम इतिहास घडवणार' म्हणून व्हिडिओ, नंतर 'हा गेम का आपटला' म्हणून व्हिडिओ. व्ह्यूज दोन्हीवर.

'व्हॉलंटिअर' नावाचा कामगार

या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग मीम्समध्ये फारसा आलाच नाही. २०२२ च्या जूनमध्ये लोकांच्या लक्षात आलं की फॅन्टॅस्टिक आपल्या वेबसाइटवर 'व्हॉलंटिअर' मागत होती. आमची कार्यसंस्कृतीच स्वयंसेवेची आहे, आमचे पूर्णवेळ कर्मचारीही व्हॉलंटिअरच, अशी कंपनीची मांडणी होती. बाहेरच्या हौशी लोकांना भाषांतरं, टेस्टिंग अशी कामं करायची संधी होती, मोबदल्यात सर्टिफिकेट वगैरे.

ओळखीचं वाटतंय? 'स्टायपेंड नाही, पण एक्स्पोजर मिळेल', हे वाक्य आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय! गरजू संस्थेसाठी वेळ देणं वेगळं आणि ४० डॉलरला विकल्या जाणाऱ्या मालावर फुकट काम करणं वेगळं. पहिली सेवा आहे. दुसऱ्यात कुणाचा तरी पगार वाचतोय. गेमवर प्रेम आहे म्हणून मुलं अशा कामाला हो म्हणतात, आणि नेमक्या याच प्रेमावर ही सगळी व्यवस्था उभी राहते.

स्टुडिओ बंद झाल्यावर 'गेमस्टार' आणि 'गेम टू' या जर्मन माध्यमांनी माजी कर्मचाऱ्यांशी बोलून रिपोर्ट केला. वरून सतत बदलणारे आदेश आणि चुकांसाठी दंड असं चित्र त्यांनी मांडलं. कंपनीने टीका नाकारली. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. घोषणा केली मालकांनी, आणि पडल्यावर रेझ्युमेवर या गेमचं नाव घेऊन नवी नोकरी शोधावी लागली ती तिथल्या पोरांना.

उशीर हा गुन्हा नाही

'मग अर्ली ॲक्सेसवर बंदीच घाला' असं म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. 'प्रोजेक्ट झोंबॉइड' बघा. द इंडी स्टोन नावाच्या छोट्या टीमचा हा गेम २०११ पासून लोकांच्या हातात आहे. त्याच वर्षी टीममधल्या लोकांच्या घरी चोरी झाली, लॅपटॉप गेले आणि बॅकअप न घेतलेला कोडही गेला. लोकांनी टीकाही केली. पण टीम थांबली नाही. २०१३ ला गेम स्टीमच्या अर्ली ॲक्सेसमध्ये आला. डिसेंबर २०२१ मधल्या 'बिल्ड ४१'ने तर त्याला नव्याने लाखो खेळाडू मिळवून दिले. मग डिसेंबर २०२४ ला 'बिल्ड ४२'ची चाचणी आवृत्ती आली. दिसायला साधा, वरून बघायचा गेम. पण जखम बांधायची कशी, खिडकीला फळ्या ठोकायच्या कशा, किती आवाज केला तर किती झोंबी येतील, सगळं आत खरोखर आहे.

'डेड आयलंड २'सुद्धा २०१४ ला जाहीर झाला आणि २०२३ ला आला. उशीर झाला, पण गेम आला. म्हणजे फरक वेळेचा नाही. फरक हा आहे की विकताना पुढ्यात जे आहे ते विकलं की मनातलं विकलं. स्टीमसुद्धा अर्ली ॲक्सेसच्या पानावर साधारण हेच सांगतं, की गेम आज आहे तसा खेळायला आवडणार नसेल तर थांबा. आपण ती सूचना 'टर्म्स अँड कंडिशन्स'सारखी स्क्रोल करून टाकतो.

पैसे मिळाले, मग प्रॉब्लेम काय?

'द डे बिफोर'च्या खरेदीदारांना शेवटी मायटोना आणि स्टीमने सरसकट रिफंड दिला. चांगलंच झालं. पण हा अपवाद होता. स्टीमचा नेहमीचा नियम आहे, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर रिफंड. हा नियमसुद्धा २०१५ मध्ये आला. सर्व्हायव्हल गेममध्ये पहिले दोन तास कॅरेक्टर बनवण्यात, बटणं शिकण्यात आणि मरण्यात जातात. गेममध्ये दम नाही हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

आणि मुद्दा फक्त पैशांचा नाही. सर्व्हर बंद झाले की असा गेम जगातून पुसला जातो. वाईट गेमचं सोडा, चांगल्यांचंही हेच होतं. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे. बंद करायचं तर करा, पण विकलेला गेम खेळण्याजोगा ठेवून जा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा लागू झालाय की डिजिटल दुकानाने ग्राहकाला स्पष्ट सांगावं, तुम्हाला मालकी नव्हे, परवाना मिळतोय.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या आहे, तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण परदेशी स्टुडिओचा ट्रेलर आणि गेम यांतला फरक घेऊन ग्राहक आयोगात कोण जाणार? एका गेमच्या रकमेसाठी इतकी धावपळ कुणाला परवडत नाही, आणि नेमकं हेच कंपन्यांच्या पथ्यावर पडतं. त्यामुळे मोठी जबाबदारी दुकानदाराचीच आहे. जे दुकान प्रत्येक विक्रीवर कमिशन घेतं, त्याने पानावरचा दावा आणि आतला माल जुळतो का हे विक्रीआधी बघायलाच हवं, ओरड झाल्यानंतर नव्हे.

पे करण्याआधी

तोवर आपल्या हातात काय? ट्रेलर नको, विनाकट गेमप्ले बघा, तोही कंपनीच्या चॅनेलवरचा नको. पहिल्या दिवशी घेऊ नका. एक आठवडा थांबल्याने काही बिघडत नाही, 'द डे बिफोर'च्या बाबतीत तर चार दिवस पुरले असते. स्टुडिओने आधी काय बनवलंय ते तपासा. इंटरनेट नसताना गेम चालतो का बघा. घेतलाच, तर पहिल्या दोन तासांवर घड्याळ लावा. आणि कुणी 'व्हॉलंटिअर होतोस का' विचारलं, तर आधी एकच प्रश्न विचारा, हा माल विकला जाणार आहे का? उत्तर हो असेल, तर पगाराचा आकडा विचारायला लाजू नका.