वडील माणसें व मळणी यंत्र

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत इतकी रुळली आहे कीं, घरांतील वडील मनुष्याचा हात जरा हळू चालूं लागला म्हणजे त्याची बुद्धीच गेली, असें आपण धरून चालतों. आमच्या मतें या म्हणीनें दोन निरनिराळ्या गोष्टींचा घोटाळा केला आहे, आणि त्या घोटाळ्याची किंमत सुगीच्या दिवसांत खळ्यावर द्यावी लागते.

हात एखाद्या वस्तूकडे जातो तेव्हां त्या हालचालीचे दोन भाग असतात, हें अमेरिकेंतील वुडवर्थ या शास्त्रज्ञानें 1899 सालीं दाखविलें. पहिला भाग एका झेपेचा; दुसरा, डोळ्यानें पाहून चूक सुधारीत नेमक्या जागीं पोंचण्याचा. वय वाढतें तशी पहिली झेप आखूड पडते व सुधारणेचा भाग लांबतो. म्हातारा मनुष्य सुईंत दोरा ओवतांना वेळ घेतो, तो बुद्धि गेली म्हणून नव्हे. चुकण्यापेक्षां उशीर बरा, असा त्याच्या मनाचा ठराव झालेला असतो. (कचेरींत झरझर लिहून खाडाखोड करणाऱ्यापेक्षां सावकाश पण बिनचूक उतारा देणारा कारकून आम्हांस नेहमींच अधिक पसंत पडला, पण तो विषय वेगळा.)

जेथें कामाची चाल आपल्या हातीं असते, तेथें अनुभव ही उणीव भरून काढतो. 1984 सालीं अमेरिकेंत सॉल्टहाउस यांनीं 19 ते 72 वर्षें वयाच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. नुसतीं बोटें आपटण्यांत वडील मंडळी मागें पडली. मजकूर उतरण्यांत मात्र पडली नाहीं, कारण त्यांची नजर पुढचीं अक्षरें अधिक दूरवर पाहत होती. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारा जुना शेतकरी हेंच करतो. तास कोठें वळणार, बैल कोठें अडणार, हें त्याच्या ध्यानीं आधींच असतें. म्हणून त्याचें बीं सारखें पडतें.

मळणी यंत्र कोणाची वाट पाहत नाहीं. म्हाताऱ्याजवळची मोठी ढाल म्हणजे सावकाशपणा. यंत्र तीच प्रथम काढून घेतें. पेंढी आंत ओढली जातांना हात तत्क्षणीं आवरावा लागतो, आणि सुरू झालेली हालचाल मध्येंच थांबविण्याची मनाची शक्तीहि वयाबरोबर मंदावते. त्यांतच कोणी बांधावरून हाक मारली तर? 1997 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत स्वीडनमधील संशोधकांनीं वृद्धनिवासांतील 58 जणांस चालतां चालतां बोलतें केलें. 12 जण बोलण्यासाठीं थांबले. पुढील सहा महिन्यांत त्यांपैकीं 10 जण पडले. तरुणपणीं पाय आपोआप चालतात. म्हातारपणीं चालण्यासहि लक्ष खर्ची पडतें, व दुसरीकडे द्यावयास तें पुरेसें उरत नाहीं. पडवींत बोलतांना थांबतां येतें. यंत्राच्या तोंडाशीं थांबणार कसें?

तरुणांचेहि हात यंत्रांत जातात, हें आम्हांस मान्य आहे; तेथें घाई, जागरण व सैल कपडे नडतात. धोकादायक यंत्रांविषयीं केंद्र सरकारनें 1983 सालीं कायदा केला. पेंढी सरकविण्याची पन्हळ निदान 90 सेंटिमीटर लांब व त्यांतील 45 सेंटिमीटर झांकलेली असावी, असें भारतीय मानक आहे. वाचकांनीं आपल्या खळ्यावर जाऊन ती एकदां मोजावी.

मुलगे शहरांत, मजूर मिळत नाहीं, म्हणून बाप यंत्राशीं उभा राहतो. घरच्या माणसास मजुरी द्यावी लागत नाहीं, हा हिशेब आम्हांस फार महाग वाटतो. उलट कांहीं घरांत वडिलांस खळ्यावर फिरकूंच देत नाहींत. तेंहि आम्हांस पटत नाहीं. भुशाबरोबर दाणा उडतो कीं काय हें ओळखावें, वारा किती ठेवावा तें सांगावें, पोतीं मोजून घ्यावीं, हीं कामें त्यांच्याइतकीं चोख दुसरा कोण करणार? तोंडाशीं विसांवा घेतलेला जवान गडी असावा, तो तासातासानें बदलावा, आणि यंत्र चालू असतां त्यास कोणीं हाक मारूं नये.

सोसायटीनें यंत्र भाड्यानें देतांना पेंढी कोण घालणार, त्याचें नांव व वय पावतीवर लिहून घ्यावें, अशी लेखी सूचना आम्ही रब्बीच्या मळण्यांपूर्वींच्या सभेपुढें ठेवीत आहों. सभासदांनीं त्या दिवशीं हजर राहून आपलें मत द्यावें.