कार्डाला दामदुप्पट नाही

सावकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'मदर इंडिया'तला सुखीलाला उभा राहतो. वही, अंगठा, आणि कधीच न संपणारं व्याज. आमच्या जालन्याकडे मोठी माणसं 'सावकारी' हा शब्द आवाज खाली करूनच बोलतात. मग आपण इंजिनीयर होतो, पुण्याला येतो, पगाराच्या खात्यामागोमाग क्रेडिट कार्ड घरी येतं आणि वाटतं, सुटलो बुवा त्या जगातून!

खरंच सुटलो का? जरा आकडे बघू. (सवय आहे, इलाज नाही.)

महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली त्याच वर्षी सरकारने दर ठरवले. परवाना असलेल्या सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के, शेतकऱ्याला १२ टक्के. वर दामदुप्पटीचा जुना नियम आहेच: व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. हा नियम मूळ धर्मशास्त्रातला. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही तो मानला. आता विनापरवाना सावकार यातलं काहीच पाळत नाही, हे मान्य. पण निदान तो करतो ते बेकायदा तरी आहे!

बँकांना हा कायदा लागूच नाही. कार्डाची बाकी थकली की बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के लागतात. 'साडेतीन' ऐकायला किती गरीब वाटतं ना? वर्षाचे साधे ४२, चक्रवाढीने ५१. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं कार्ड-व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द झाला. तीसची वेसणही गेली.

माझा एक मित्र, जालन्याचाच. त्याचे वडील जूनमध्ये कपाशीचं बियाणं आणि खत उधारीवर उचलतात आणि दिवाळीच्या आसपास कापूस विकला की आधी दुकानदाराचं खातं मिटवतात. मुलाच्या कार्डावर लाखभर बाकी आहे. विचारलं तर म्हणतो, "अरे, हप्ता चालू आहे ना."

तो हप्ता नाहीये! ते 'मिनिमम ड्यू' आहे. हप्त्याने कर्ज ठरलेल्या तारखेला संपतं, याने फक्त बँकेचा फोन येत नाही. मी स्प्रेडशीट मांडली. बाकी एक लाख, महिन्याला जीएसटीसकट ४.१३ टक्के व्याज, दरमहा बाकीच्या ५ टक्के भरणा आणि नवीन खरेदी शून्य. बाकी पन्नास हजारांवर यायला ६४ महिने. सव्वापाच वर्षं! तोवर भरलेले पैसे साधारण २ लाख ४२ हजार, आणि पन्नास हजार अजून देणं आहेच. त्यात बाकी थकलेली असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे आज घेतलेल्या किराण्यावरही आजपासून व्याज.

यावर लोक सल्ला देतात, बाहेरची कॉफी कमी करा, खर्च लिहून ठेवा. च्यायला, घराला आग लागलीये आणि हे नळाची गळती मोजतायत. आधी कार्ड बंद करून ठेवा. एफडी असेल तर मोडा. ६-७ टक्के कमावत ४२ टक्के भरणं हा कुठला शहाणपणा? एफडी नसेल तर पर्सनल लोन किंवा सोनेतारण करून बाकी एका दमात मिटवा. तेही कर्जच, पण दर बराच कमी आणि शेवटची तारीख छापलेली.

पण सोनं कुणाचं? आईचं. आणि आईला सांगायचं म्हणजे वडिलांना कळणार. खरी अडचण तिथे आहे, गणितात नाही. 'मुलगा पुण्यात आयटीत आहे' म्हणून गावात जी पत असते, ती सांभाळायला आमच्यातले कितीतरी जण महिन्याला साडेतीन टक्के मोजतायत.

असो. स्प्रेडशीट मित्राला पाठवलीये. त्याने उघडली, एवढं दिसलं. उत्तर अजून नाही.