गाडी वर, आपण खाली!
बुटक्या स्पोर्ट्स कारचा लूक एकदम झकास, पण घरी ऑइल बदलायचं म्हटलं की साधा ट्रॉली जॅक बंपरखाली शिरतच नाही! माझा फंडा सोपा आहे. सपाट काँक्रीटवर पुढची चाकं आधी 4-5 सेंटिमीटर जाडीच्या रुंद फळ्यांवर चढवा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटलाच लावा. भलतीकडे लावला तर पत्रा चेपतो. मग दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा आणि गाडी हलवून बघा. डगमगली तर खाली उतरवून पुन्हा सुरुवात! कारण जॅक उचलण्यासाठी असतो बॉस, पेलून धरण्यासाठी नाही. त्याचं सील कधी दगा देईल, सांगता येत नाही. स्टँडशिवाय मी पडलेला पानासुद्धा गाडीखालून काढत नाही.