उघडता येणारे यंत्र

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात परदेशी प्रोजेक्टर अभ्यासून, दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा जुळविला. त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ 1920 मध्ये लोकांपुढे आला. तीच हौस अलीकडचा विद्यार्थी ‘हॅकिंटॉश’वर भागवीत आला आहे. सुटे भाग आणून लहानशा पेटीत संगणक जुळवावयाचा आणि त्यावर अ‍ॅपलची मॅक प्रणाली चालवावयाची. अ‍ॅपलने 2006 मध्ये इंटेलचे प्रोसेसर स्वीकारल्यामुळे हे शक्य झाले. कधी आवाज बंद, कधी वायफाय बेपत्ता, कधी निद्रिस्त यंत्र जागेच होत नाही. मग एकेक भाग काढून दोष हुडकावयाचा. एवढे शिक्षण कोणता अभ्यासक्रम देतो?

परवानापत्रात मात्र याला मनाई आहे. असे संगणक विकणाऱ्या सायस्टार कंपनीविरुद्ध 2009 मध्ये अमेरिकी न्यायालयाने निर्णय दिला. व्यापारापुरता तो रास्तच. जिज्ञासू विद्यार्थ्यालाही त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. त्यातच 2020 पासून अ‍ॅपलने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि 2025 ची ‘टाहो’ ही इंटेलसाठी अखेरची आवृत्ती ठरली. नव्या मॅकची मेमरीसुद्धा प्रोसेसरच्याच आवरणात बंदिस्त असते. कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनांनी निदान भंगारात निघालेले जुने संगणक तरी स्क्रूड्रायव्हरसह विद्यार्थ्यांच्या हवाली करावेत.