वॉरंटची बातमी पुरी छापा



‘अमुक कंपनी प्रवर्तकांना वॉरंट देऊन 500 कोटी उभारणार’ अशा बातम्या अर्थपानावर वारंवार येतात. मोबाइलवरून फिरत फिरत ही बातमी नेकनूरसारख्या गावात पोहोचते तेव्हा तिचा अर्थ एवढाच उरतो की मालक स्वतःचा पैसा घालतोय, म्हणजे शेअर चढणार, घेऊन टाका. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आलेली पोरं तेवढ्यावर शेअर घेतात. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा राहण्यात अर्धी बातमी छापणाऱ्यांचाही वाटा आहे.

बातमी येते त्या दिवशी 500 कोटी आलेलेच नसतात. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. सेबीच्या नियमानुसार वॉरंट घेणारा आधी 25 टक्के रक्कम भरतो आणि उरलेली 75 टक्के 18 महिन्यांच्या आत. नाही भरली तर वॉरंट रद्द होते आणि 25 टक्के जप्त. जमिनीच्या व्यवहारातला इसारच म्हणा. इसार दिला म्हणजे खरेदीखत झाले, असे आपल्याकडे कोणी धरत नाही. शेअर बाजारात मात्र सर्रास धरले जाते. 2009 पूर्वी तर हा इसार फक्त 10 टक्के होता. 2008च्या पडझडीत कित्येक प्रवर्तकांनी तो सोडून दिला, म्हणून सेबीला तो वाढवावा लागला.

आता जोखीम कोणाची ते पाहा. 100 रुपये भावाने वॉरंट ठरले आणि प्रवर्तकाने 25 भरले. शेअर 140 वर गेला तर तो उरलेले 75 भरून 40 रुपये कमावतो. शेअर 80 वर आला तरी भरतो, कारण 75 देऊन 80ची वस्तू मिळते. 75च्या खाली गेला तर तो बाजूला होतो आणि त्याचे नुकसान 25 वर थांबते. त्याच बातमीवर 100 रुपये पूर्ण मोजून शेअर घेतलेल्या आपल्या माणसाला मात्र असा कुठलाही थांबा नाही.

अंबुजा सिमेंटचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2022 मध्ये अदाणी कुटुंबाच्या कंपनीला 418.87 रुपये भावाने सुमारे 47.74 कोटी वॉरंट मिळाली. एकूण रक्कम 20,000 कोटींची, पण तेव्हा आले 5,000 कोटी. पुढे जानेवारी 2023 मध्ये अदाणी समूहावर आरोप करणारा हिंडेनबर्गचा अहवाल आला आणि शेअर साडेतीनशेच्याही खाली गेला. घाबरलेल्या छोट्या भागधारकांनी विकले. प्रवर्तकांच्या हातात मात्र मुदत होती. एप्रिल 2024 मध्ये त्यांनी शेवटचा हप्ता भरला तेव्हा बाजारभाव सहाशेच्या पुढे होता आणि त्यांचा हिस्सा 63 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेला. यात बेकायदा काही नाही. कंपनीला पैसाही पूर्ण मिळाला. पण थांबण्याची मुभा फक्त एकाच बाजूला होती.

वॉरंटमध्ये फायदा नसतो असे मी म्हणत नाही. एचडीएफसीने ऑगस्ट 2020 मध्ये 180 रुपयांना एक अशी वॉरंट दिली; तीन वर्षांत 2,165 रुपयांनी शेअर घेण्याचा हक्क. जुलै 2023 मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन होताना तो शेअर 2,700च्या वर होता. 180 रुपयांवर साडेतीनशेहून अधिक नफा झाला. पण ही वॉरंट मोठ्या संस्थांना दिलेली होती, आणि शेअर 2,165च्या खाली राहिला असता तर 180चे शून्य झाले असते. ज्याला ते शून्य सोसते त्याने खुशाल घ्यावे. पीककर्ज डोक्यावर असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

बीड जिल्ह्याने ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवी अडकताना पाहिल्या आहेत. 12 ते 14 टक्के व्याजाचे आमिष दाखवले गेले, असे ईडीचे म्हणणे आहे. त्यानंतर पतसंस्थेपेक्षा शेअर बरा म्हणून लोक बाजाराकडे वळले, ते मला समजते. तिथे निदान रोजचा भाव दिसतो. पण भाव दिसला म्हणजे कागद समजला असे होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वॉरंटच्या प्रत्येक बातमीत चार गोष्टी छापा: आज किती रक्कम आली, उरलेली कोणत्या तारखेपर्यंत यायची आहे, वॉरंट कोणाला दिली, आणि सगळ्या वॉरंटचे शेअर झाले तर जुन्या भागधारकाचा हिस्सा किती घटेल. ही माहिती कंपनी शेअर बाजाराला देतच असते. 18 महिन्यांनी पैसे आले की वॉरंट रद्द झाली, हेही त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्या.

आणि वाचकांना विनंती: अशा वाटपाला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, विरोधातील मतांच्या तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. तुमच्याकडे त्या कंपनीचे दहा शेअर असले तरी ई-मतदानाची सूचना तुमच्या ईमेलवर येते. ती उघडा, वाचा आणि मत द्या.

— एक वाचक, नेकनूर (ता. जि. बीड)