सशाची मान

दिल्लीत बदलून आलेले आपले काही मराठी बंधू शनिवारी रात्री अरवलीच्या माळांवर सशांची छायाचित्रे घेण्यास जातात. छंद उत्तम, रीत आम्हांस मान्य नाही. मोटारीच्या झोतात दिपवून ससा टिपणे ही शिकाऱ्याचीच युक्ती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, एवढेच! बरे, त्यातून ओळख तरी काय पटते? दक्षिणेकडील आपल्या सशाची मान मागून काळी, शेपटीही वरून काळी. येथल्याची शेपटी तांबूस. चकाकणारे डोळे दोघांचे सारखेच! कागद न वाचता शेरा मारणाऱ्यांस कचेरीत आपण हसतो ना? दिवसा ससा गवतातल्या खळग्यात दबून बसतो. दुरून, मान-शेपटी दिसेतो थांबून टिपावा. आणि खाली ‘रॅबिट’ लिहू नये. रॅबिटची पिले बिळात आंधळी, केसांविना जन्मतात. आपल्या सशाची उघड्या माळावर, उघड्या डोळ्यांनी.